उठलेला बाजार : जेम्स जॉइसच्या ‘अॅरबी’ कथेची हकीकत

‘बाजार’ हा शब्द मराठी कानाला अगदीं घरचा आहे. आठवड्याचा बाजार, गुरांचा बाजार, नुसता भाजीबाजार. या शब्दाभोंवतीं गूढ असें कांहींच नाहीं. फारसींतून तो मराठींत आला आणि धूळ, घासाघीस व गोंगाट यांत मिसळून गेला. परंतु हाच शब्द जहाजांत बसून विलायतेस गेला, तेव्हां त्याच्या अंगावर एकाएकीं जरतारी वस्त्रें चढलीं. तेथील लोकांना त्यांत अत्तराचा वास येऊं लागला, उंटांच्या गळ्यांतील घंटा ऐकूं येऊं लागल्या. १८१६ सालीं लंडनच्या सोहो भागांत ‘बाजार’ या नांवाचें एक विक्रीगृह उघडलें, आणि पुढें इस्पितळें, अनाथाश्रम, धर्मशाळा यांच्या मदतीसाठीं प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रिया जीं विक्रीचीं प्रदर्शनें मांडीत, त्यांना सरसकट हेंच नांव पडलें. १८४५ सालीं धान्यावरील जकात उठविण्यासाठीं झगडणाऱ्या संघानें लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहांत असाच एक मोठा बाजार भरविला होता. पूर्वेकडे जो शब्द रोजच्या व्यवहाराचा, तोच पश्चिमेकडे स्वप्नाचा झाला. आणि मग त्या स्वप्नाला दारावर तिकीट लावून त्याचा पुन्हां व्यवहार सुरू झाला.

या व्यवहाराची आंतली बाजू एका लहानशा कथेंत जशी उघडी पडली आहे, तशी ती मोठमोठ्या इतिहासग्रंथांतहि क्वचितच सांपडेल. ती कथा म्हणजे आयरिश लेखक जेम्स जॉइस याची ‘अॅरबी’. छापल्यावर तिचीं पांचसहा पानेंच भरतात. तिच्यांत कोणाचें लग्न होत नाहीं, कोणी घर सोडून पळून जात नाहीं, आणि जो एक मृत्यु आहे तो कथेच्या आरंभापूर्वींच होऊन गेलेला आहे. एक मुलगा एका बाजाराला जातो आणि कांहीं न घेतां उभा राहतो, एवढीच घटना. तरीहि विसाव्या शतकांतील कथावाङ्मयाला जी नवी दिशा लागली तिचा आरंभ दाखवावयाचा झाला कीं अभ्यासक या पांचसहा पानांकडे वळतात. वयांत येणाऱ्या मुलाचा भ्रमनिरास हा विषय जुनाच आहे. जॉइसनें त्यांत नवें केलें तें हें, कीं तो भ्रम आणि तो निरास हे दोन्ही त्यानें वस्तूंच्या तोंडून बोलविले, आणि त्या वस्तू आपल्या शहराच्या इतिहासांतून जशाच्या तशा उचलल्या.

बाजार खराच भरला होता. १८९४ सालच्या मे महिन्याच्या १४ तारखेपासून १९ तारखेपर्यंत डब्लिन शहराच्या बॉल्सब्रिज भागांत, रॉयल डब्लिन सोसायटीच्या आवारांत, ‘अॅरबी’ नांवाचा हा महोत्सव झाला. अॅरबी म्हणजे अरबांचा मुलूख; इंग्रजी काव्यांतलें एक जुनें, लाडकें नांव. उत्पन्न जावयाचें होतें जर्व्हिस स्ट्रीटवरील धर्मार्थ इस्पितळाला. जाहिरातींत पौर्वात्य नगरीच्या भव्य देखाव्याचें आश्वासन होतें, कैरोचीं गाढवें व तीं हांकणारीं पोरें होतीं, अरबांची छावणी होती, नाचगाणीं होतीं. प्रवेशमूल्य एक शिलिंग. २ फेब्रुवारी १८८२ रोजीं जन्मलेला जॉइस त्या वेळीं बारा वर्षांचा होता, आणि त्याचें कुटुंब त्या सुमारास नॉर्थ रिचमंड स्ट्रीटवरील १७ क्रमांकाच्या घरांत राहत होतें. हा रस्ता एका टोकाला बंद आहे. इंग्रजींत अशा रस्त्याला ‘आंधळा’ म्हणतात, आणि कथेच्या पहिल्याच वाक्यांत तो शब्द येऊन बसतो.

जॉइसचे वडील करवसुलीच्या कचेरींत नोकर होते. ती नोकरी गेली, तुटपुंजें निवृत्तिवेतन तेवढें उरलें, आणि भाड्याचें एक घर सोडून दुसऱ्या, अधिक हलक्या घरांत जाण्याचा क्रम सुरू झाला. थोरल्या मुलाला १८९१ सालींच महागडी निवासी शाळा सोडावी लागली होती. घराला जी उतरती कळा लागली ती देशाला त्यापूर्वींच लागलेली होती. १८०० सालच्या कायद्यानें आयर्लंडची स्वतःची पार्लमेंट बुडाली, तिची इमारत एका बँकेच्या हातीं गेली, सरदार-दरकदार लंडनला निघून गेले, आणि त्यांच्या रिकाम्या वाड्यांतून हळूहळू गोरगरिबांचीं बिऱ्हाडें दाटीवाटीनें राहूं लागलीं. पार्नेलच्या रूपानें देशाला एक पुढारी लाभला होता. एका घटस्फोटाच्या खटल्यांत त्याचें नांव आलें, धर्मगुरु आणि त्याचे स्वतःचे सहकारी त्याच्यावर उलटले, आणि ६ ऑक्टोबर १८९१ रोजीं तो मरण पावला. नऊ वर्षांच्या जॉइसनें त्या विश्वासघातावर एक कविता लिहिली, आणि पार्नेलभक्त बापानें ती कौतुकानें छापवून घेतली. १८९३ सालच्या सप्टेंबरांत आयर्लंडला स्वराज्य देणारें बिल लॉर्डांच्या सभेनें ४१९ विरुद्ध ४१ मतांनीं फेटाळलें. त्यानंतर आठ महिन्यांनीं ‘अॅरबी’ बाजार भरला. ज्या शहराचें स्वतःचें स्वप्न मोडलें होतें, त्यानें दुसऱ्या कोणाचें तरी स्वप्न सहा दिवस भाड्यानें घेतलें, असें म्हटलें तर फारसें वावगें होणार नाहीं.

कथेंत मात्र यांतलें एक अक्षरहि सांगितलेलें नाहीं. पार्नेल नाहीं, पार्लमेंट नाहीं, सालहि नाहीं. आहेत त्या फक्त वस्तू.

कथेंतला मुलगा काका-काकूंपाशीं राहतो. त्यांच्या घरांत पूर्वीं एक पाद्री भाडेकरू होता. तो मागच्या दिवाणखान्यांत वारला. अजूनहि खोल्यांना कोंदलेल्या हवेचा वास येतो. त्याच्या मागें राहिलेल्या रद्दींत मुलाला तीन पुस्तकें सांपडतात. एक वॉल्टर स्कॉटची ‘द अॅबट’ ही कादंबरी, जींत स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या कैदेची कथा आहे. दुसरें एक भक्तिपर पुस्तक. तिसरें म्हणजे विदोकच्या आठवणी; हा विदोक आधीं गुन्हेगार होता आणि पुढें पॅरिसच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख झाला. मुलाला हें तिसरें सर्वांत आवडतें, कां तर त्याचीं पानें पिवळीं आहेत. एका मृत धर्मगुरूच्या रद्दींत शौर्यप्रणय, भक्ति आणि वेषांतर हीं तीन शेजारीं शेजारीं पडलेलीं आहेत, आणि पुढें मुलाच्या मनांत जो गोंधळ व्हावयाचा त्याची सामग्री तेथेंच मिळते. लेखक यावर भाष्य करीत नाहीं. तो पुस्तकांचीं नांवें सांगतो आणि बागेकडे वळतो.

बागेच्या मधोमध एक सफरचंदाचें झाड आहे, भोंवतीं कांहीं अस्ताव्यस्त झुडपें आहेत, आणि एका झुडपाखालीं त्या पाद्र्याचा सायकलचा पंप गंजत पडलेला आहे. बाग आणि सफरचंद म्हटलें कीं ख्रिस्ती वाचकाला आदम व इव्ह यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं, आणि टीकाकारांनीं त्या झाडाचा भरपूर उपयोग करून घेतला आहे. परंतु त्या पंपाचें काय करावयाचें? तो कांहीं बायबलांत नाहीं. त्याचा इतिहास पाहिला म्हणजे मौज वाटते. हवा भरलेल्या रबरी टायरचा उपयुक्त शोध जॉन डनलॉप यानें १८८८ सालीं आयर्लंडांतच, बेलफास्ट येथें लावला, आणि असे टायर करणारी पहिली कंपनी १८८९ सालीं डब्लिनमध्यें निघाली. म्हणजे १८९४ च्या सुमारास सायकलचा पंप ही अगदीं नव्या युगाची वस्तु. आणि कथेंत ती पहिल्यानें दिसते तेव्हांच गंजलेली आहे. डब्लिनमध्यें नवी वस्तुहि जुनी होऊनच येते. हें सांगावयाला दुसऱ्या एखाद्या लेखकानें पानभर वर्णन केलें असतें.

मंगन नांवाच्या सवंगड्याची बहीण संध्याकाळीं भावाला हांक मारण्यासाठीं दाराशीं येते, आणि मागच्या दिव्याच्या उजेडांत तिची आकृति उभी राहते. मुलाचें सारें प्रेम या आकृतीवर आहे. सकाळीं तो पुढच्या खोलींत जमिनीवर आडवा पडून, खिडकीचा पडदा चौकटीपासून बोटभर वर ठेवून, त्या फटींतून तिचें दार न्याहाळतो. मजा अशी, कीं रस्त्याला इंग्रजींत जो ‘आंधळा’ शब्द तोच या पडद्यालाहि आहे. मुलगा पाहतो तें आंधळ्या रस्त्यावर, आंधळ्याआडून. तिचें स्वतःचें नांव कथेंत कोठेंहि येत नाहीं. ती अखेरपर्यंत ‘मंगनची बहीण’च राहते.

या मंगन नांवांत बरेंच कांहीं दडलें आहे. जेम्स क्लॅरेन्स मंगन हा डब्लिनचा एक दुर्दैवी कवि १८०३ सालीं जन्मला आणि दारिद्र्यांत व व्यसनांत १८४९ सालीं मेला. त्यानें आपल्या कित्येक कविता अरबी, फारसी व तुर्की काव्यांचीं भाषांतरें म्हणून प्रसिद्ध केल्या. वस्तुतः त्या भाषा त्याला येत नव्हत्या. जॉइसनें विद्यार्थिदशेंत, १९०२ सालीं, या कवीवर कॉलेजांत एक व्याख्यान दिलें होतें, तेव्हां हें नांव त्याच्या लेखणींत सहज आलें असेल असें मानणें कठीण आहे. मंगनच्या आधीं टॉमस मूर या दुसऱ्या डब्लिनकर कवीनें १८१७ सालीं ‘लल्ला रूख’ हें काव्य लिहिलें. दिल्लीहून काश्मीरकडे निघालेल्या मोगल राजकन्येची ती कथा. प्रकाशकानें तिच्यासाठीं तीन हजार गिनी मोजल्या. मूरनें हिंदुस्थानांत कधीं पाऊलहि टाकलें नव्हतें. डब्लिनची पूर्व दिशा ही अशी पुस्तकांतून उगवत असे. जी मुलगी मुलाला ‘अॅरबी’चें नांव प्रथम सांगते, ती अशा कवीच्या नांवाची असावी, ज्याचा अरबस्तान सर्वस्वीं घरबसल्या रचलेला होता, यांतला टोमणा आयरिश वाचकालाच पुरता कळण्यासारखा आहे. इतरांना तो सांगावा लागतो.

कथेंत बाजार एक नसून दोन आहेत, ही गोष्ट बहुतेकांच्या नजरेंतून निसटते. शनिवारीं संध्याकाळीं काकू खरेदीला निघते आणि मुलगा पिशव्या वाहण्यासाठीं बरोबर जातो. रस्त्यांत दारुडे धक्के देत आहेत, बायका भाव करीत आहेत, मजूर शिव्या हांसडीत आहेत, डुकराच्या मांसाच्या पिंपांपाशीं उभीं राहिलेलीं दुकानांतलीं पोरें ओरडत आहेत, आणि रस्त्यावरचे गवई ओडोनोव्हन रोसा या बंडखोर देशभक्ताचे पवाडे नाकांतून गात आहेत. हा खरा बाजार; मराठी माणसानें एका क्षणांत ओळखावा असा. या गर्दींतून मुलगा आपल्या मनांतली ती मूर्ति अशी सांभाळून नेतो, कीं जणूं प्रार्थनामंदिरांतील पवित्र चषक हातीं घेऊन तो शत्रूंच्या गोटांतून चालला आहे. त्याला हा बाजार शत्रु वाटतो. वास्तविक त्याच्या देशाचा इतिहास, त्याच्या देशाचीं गाणीं, त्याच्या लोकांची भूक, सर्व कांहीं येथेंच आहे. परंतु त्याचे डोळे दुसऱ्या बाजाराकडे लागलेले आहेत, ज्याच्या नांवांतच त्याला जादू भासते.

मुलगी त्याच्याशीं एकदांच बोलते. ‘अॅरबी’ला जाणार कां, म्हणून विचारते. तिला स्वतःला जातां येणार नाहीं, कारण त्या आठवड्यांत तिच्या मठशाळेंत ध्यानधारणेचा कार्यक्रम आहे. बोलतां बोलतां ती मनगटावरचें चांदीचें कडें फिरवीत राहते. गेलों तर तुझ्यासाठीं कांहीं तरी आणीन, असें मुलगा म्हणतो. झालें, त्या दिवसापासून शाळेंतल्या पुस्तकाच्या पानांतून तिचा चेहरा वर येऊं लागतो आणि अभ्यास पोरखेळ वाटूं लागतो. काकूला एकच काळजी, हें प्रकरण फ्रीमेसन लोकांचें तर नव्हे ना. कॅथलिक घरांतील ती शंका अगदींच निराधार नव्हती. १८९२ सालीं त्याच आवारांत फ्रीमेसनांचा एक बाजार खरोखरीच भरला होता.

शनिवारची रात्र येते. काकांनीं पैसे द्यावयाचे आहेत आणि काका घरीं येत नाहींत. चहाला आलेली मर्सरबाई वाट पाहून कंटाळते. ही बाई गहाणवट घेणाऱ्या सावकाराची विधवा, आणि कांहीं धर्मकार्यासाठीं वापरलेलीं टपालाचीं तिकिटें जमविण्याचा तिला नाद. एका वाक्यांत उरकलेली ही बाई सबंध ‘अॅरबी’चा लहानसा नमुनाच आहे: पैसा गहाणवटीचा, हेतु पुण्याचा, माल वापरून टाकलेला. नऊ वाजतां काका झोंकांड्या खात येतात. ते सारें विसरलेले आहेत. मग ‘अरबाचा आपल्या घोड्याला निरोप’ ही कविता काकूला म्हणून दाखविण्याची त्यांना लहर येते. ती कविता कॅरोलिन नॉर्टन या बाईंची. त्या डब्लिनमध्यें जन्मलेल्या शेरिडन या नाटककाराच्या नात होत. एका अरबानें आपला लाडका घोडा सोन्याच्या मोबदल्यांत विकला, आणि त्याच्या वियोगाच्या कल्पनेनें व्याकुळ होऊन तें सोनें परत फेकलें, असें तिचें कथानक आहे. काका तिचा आरंभ करीत असतांनाच मुलगा मुठींत नाणें घट्ट धरून बाहेर पडतो. पैशापुढें प्रेमाची निवड करणारा अरब घरच्या स्वयंपाकघरांत राहतो, आणि मुलगा पैसे घेऊन अॅरबीला जातो.

तें नाणें फ्लोरिनचें, म्हणजे दोन शिलिंगांचें, चोवीस पेन्सांचें. त्याचा हिशोब मांडण्यासारखा आहे, कारण जॉइसनें तो मांडून ठेवला आहे. वेस्टलंड रो स्थानकावर गर्दी डब्याच्या दारांशीं लोटते, पण ही खास बाजाराची गाडी आहे म्हणून हमाल लोकांना मागें सारतात. मुलगा तिसऱ्या वर्गाच्या रिकाम्या डब्यांत एकटाच पुढें जातो. तो उतरतो तेव्हां दहाला दहा मिनिटें कमी असतात. सहा पेन्सांचें दार शोधीत बसलों तर बाजारच बंद होईल या भीतीनें तो दमलेल्या द्वारपालाच्या हातांत सबंध शिलिंग ठेवतो. अखेरीस त्याच्या खिशांत एक सहा पेन्सांचें नाणें आणि दोन सुट्या पेनी राहतात. म्हणजे बारा पेन्स दाराला, आठ शिल्लक, आणि उरलेले चार आगगाडीला गेले हें उघड आहे. आठ पेन्सांत चिनी मातीचें फुलदाण पदरांत पडण्याची आशा किती, हें त्यालाहि कळून चुकतें. ज्या भक्तीला तो पवित्र चषकाची उपमा देत होता, तिचें मोल दारावरच निम्म्यानें उतरलें. कथेंत अशी उपमा कोठेंच नाहीं. तेथें फक्त दोन पेनी खिशांत सहा पेन्सांच्या नाण्यावर पडूं दिल्याचें सांगितलें आहे.

आंत मंडपाचा मोठा भाग अंधारांत आहे. बहुतेक दुकानें बंद झालीं आहेत. उपासना आटोपल्यावर प्रार्थनामंदिरांत जी शांतता असते तशी शांतता पसरलेली आहे. रंगीत दिव्यांनीं फ्रेंच नांव लिहिलेल्या एका पडद्यासमोर दोन माणसें तबकांत पैसे मोजीत बसलीं आहेत, आणि नाणीं पडल्याचा आवाज तेवढा येतो. येशूनें देवळांतून हांकलून दिलेल्या सराफांची आठवण येथें कोणालाहि व्हावी. एका उघड्या दुकानांत फुलदाण्या व नक्षीदार चहाचीं भांडीं मांडलीं आहेत, आणि दुकानावरची तरुणी दोन तरुणांशीं हंसून बोलते आहे: तूं असें म्हणालीस, मीं नाहीं म्हटलें, खोटें आहे हें, अशी कांहीं तरी थट्टा. त्यांचे उच्चार इंग्लंडमधले आहेत. मुलाकडे वळून ती विचारते, कांहीं हवें आहे कां. पण आवाजांत उत्तेजन नाहीं, कर्तव्य आहे. दुकानाच्या काळोख्या दाराशीं दोन मोठे रांजण पौर्वात्य पहारेकऱ्यांसारखे उभे आहेत. सबंध बाजारांत पूर्वेचें म्हणून जें दिसतें तें एवढेंच: दोन रांजण. कैरोचीं गाढवें नाहींत, छावणी नाहीं, नाच नाहींत. पूर्व दिशा कोणाच्या मालकीची आहे आणि ती डब्लिनच्या पोराला कोण विकतें आहे, हें त्या उच्चारांवरून मुलाला नकळत आणि वाचकाला पुरतें कळतें.

१८९४ च्या जाहिरातीशीं ही कथा ताडून पाहतां जॉइसनें काय गाळलें हें उमगतें. गर्दी, रोषणाई, वाद्यें, जनावरें, सर्व त्यानें पुसून टाकलें आणि बाजार उठल्यानंतरची घटका तेवढी ठेवली. मराठींत ‘बाजार उठला’ असें आपण सहज म्हणतों. त्या दोन शब्दांत जी ओकीबोकी जाणीव आहे ती या कथेची सगळी सृष्टि आहे. कोणी म्हणेल, हा लबाडीचा खेळ झाला. मुलगा चार दिवस आधीं, भर दिवसां गेला असता तर त्याला गाढवें दिसलीं असतीं, नाचहि दिसले असते, आणि भ्रमनिरास झालाच नसता. आक्षेप खरा आहे. परंतु भर दिवसां जाण्यासाठीं ज्या घरांत काका वेळेवर येतात आणि खिशांत चार पैसे असतात, असें घर लागतें. उशीर हा या मुलाच्या दैवाचा अपघात नाहीं. नॉर्थ रिचमंड स्ट्रीटवरून निघणाऱ्याला उशीरच व्हावयाचा.

वरच्या सज्जाच्या टोकाकडून दिवा मालवल्याची हांक येते. छत काळवंडतें. त्या काळोखांत वर पाहत असतां मुलाला आपण पोकळ अभिमानानें हांकललेला आणि हास्यास्पद झालेला एक प्राणी आहोंत असें दिसतें, आणि त्याचे डोळे वेदनेनें व संतापानें जळूं लागतात. येथें कथा संपते. अशा क्षणांना जॉइसनें ख्रिस्ती पंचांगांतल्या ६ जानेवारीच्या सणाचें नांव दिलें होतें. त्या दिवशीं पूर्वेकडून आलेल्या ज्ञान्यांना बाळ येशूचें दर्शन झालें अशी श्रद्धा आहे. मराठींत त्याला ‘साक्षात्कार’ म्हणावें लागेल. फरक एवढाच कीं संतांना साक्षात्कार दिवा लागल्यावर होतो, या मुलाला दिवा विझल्यावर झाला. आणि पूर्वेकडून कोणी आलें नाहीं, तोच पूर्वेकडे जाऊन परतला.

पुष्कळसे टीकाकार मुलाचा हा निकाल जसाच्या तसा मान्य करतात: मुलगा स्वप्नाळू होता, अभिमानी होता, त्याचे डोळे उघडले, तो शहाणा झाला. हें वाचन कथेपेक्षां फार कोतें आहे. कथा सांगणारा आवाज प्रौढाचा आहे. त्या शब्दांची नजाकत बारा-तेरा वर्षांच्या पोराची नव्हे. हा प्रौढ मुलाला हंसतो खरा, पण दिव्याच्या उजेडांत रेलिंगवर ठेवलेला तो हात, मानेची ती गोरी वळणरेषा, तें चांदीचें कडें, हें सर्व तो ज्या ममतेनें आठवतो त्या ममतेंत निवृत्ति मुळींच नाहीं. फसवा होता तो बाजार. प्रेमाला खरेदीचें रूप द्यावें लागलें हा मुलाचा दोष म्हणावयाचा, तर त्याच्याजवळ दुसरें कोणतें रूप होतें? पाद्र्याचीं पुस्तकें, काकांची कविता, शाळेंतला धाक, जाहिरातींतलें नांव. शहरानें त्याला एवढेंच दिलें होतें. त्यानें स्वतःला जी शिक्षा फर्मावली ती त्याच्या वयाला शोभण्यासारखी आहे. वाचकानें तिच्यावर सही करण्याचें कारण नाहीं.

उलट बाजूला, गेल्या कित्येक दशकांत या कथेंतल्या प्रत्येक दिव्यांत कुमारी मेरी आणि प्रत्येक भांड्यांत पवित्र चषक शोधण्याची जी चढाओढ लागली, तिच्यांतहि अर्थ नाहीं. १९४३ सालीं क्लिअन्थ ब्रुक्स व रॉबर्ट पेन वॉरन या अमेरिकन अध्यापकांनीं कथावाचनाचें जें प्रसिद्ध पाठ्यपुस्तक तयार केलें त्यांत ‘अॅरबी’ घेतली, आणि तेव्हांपासून ती वर्गावर्गांतून पिंजली जात आहे. प्रतीक म्हणजे बाहेरून आणून लटकविलेली झालर, असा समज अशा वेळीं होतो. जॉइसचा पंप आधीं पंप आहे. तो हातीं घेतला तर गंज लागेल. मग तो ज्या कशाची खूण असेल त्याची असो.

जॉइसनें ही कथा डब्लिनपासून फार दूर लिहिली. १९०४ च्या ऑक्टोबरांत तो नोरा बार्नाकल हिच्यासह देश सोडून गेला होता, आणि ऑस्ट्रियाच्या ताब्यांतील त्रिएस्त बंदरांत बर्लिट्झ शाळेंत इंग्रजी शिकवीत असतां, १९०५ च्या ऑक्टोबरांत, तेविसाव्या वर्षीं त्यानें ‘अॅरबी’ पुरी केली. त्याच वर्षाअखेर बारा कथांचें बाड लंडनच्या ग्रँट रिचर्ड्स या प्रकाशकाकडे गेलें. त्यानें तें स्वीकारलें. पण मजकुराबद्दल कायद्यानें मुद्रकहि जबाबदार असल्यामुळें मुद्रकानें कांहीं कथा जुळविण्याचें नाकारलें. आक्षेप मुख्यतः दुसऱ्या कथांवर होते, पण अडकलें सगळें पुस्तक. आपण आपल्या देशाच्या नैतिक इतिहासाचें एक प्रकरण लिहीत आहोंत, आणि डब्लिन हें त्या देशाच्या पक्षाघाताचें केंद्र वाटल्यावरून आपण तें निवडलें, असें जॉइसनें १९०६ सालीं या प्रकाशकाला कळविलें होतें. प्रकाशकाचें मन वळलें नाहीं. १९०९ सालीं डब्लिनच्याच मॉन्सेल कंपनीनें करार केला, पुस्तक छापूनहि झालें, आणि १९१२ सालच्या सप्टेंबरांत मुद्रकानें सर्व छापील कागद नष्ट करून टाकले. त्याच सुमारास जॉइसनें डब्लिन सोडलें तें कायमचें. पुढची अठ्ठावीस वर्षें, म्हणजे १३ जानेवारी १९४१ रोजीं झुरिक येथें मरण येईपर्यंत, त्यानें त्या शहराशिवाय दुसऱ्या कशावर जवळजवळ लिहिलें नाहीं, आणि तेथें पाऊलहि ठेवलें नाहीं.

अखेर त्याच ग्रँट रिचर्ड्सनें १५ जून १९१४ रोजीं ‘डब्लिनर्स’ प्रसिद्ध केलें. पंधरा कथा, १२५० प्रती, आणि ‘अॅरबी’ तिसऱ्या क्रमांकावर. पुढल्याच महिन्यांत एझ्रा पाउंडनें एका नियतकालिकांत त्याची वाखाणणी केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ४ ऑगस्टला, इंग्लंड महायुद्धांत उतरलें, आणि एका पोराच्या आठ पेन्सांकडे लक्ष द्यावयाला कोणाला सवड राहिली नाहीं.

ज्या इस्पितळासाठीं ‘अॅरबी’ भरला, तें १७१८ सालीं स्थापन झालेलें धर्मार्थ इस्पितळ १९८७ सालीं बंद झालें. जर्व्हिस स्ट्रीटवरचा त्याचा जुना दर्शनी भाग राखून मागें नवी इमारत बांधण्यांत आली, आणि १९९६ सालीं ती लोकांसाठीं उघडली. तो अनेक मजली बाजार आहे.